पाचवा सामना कोण खेळणार?

भारताचा बॅडमिंटन संघ एखाद्या सांघिक स्पर्धेतून रिकाम्या हाताने परतला की आपल्याकडे एक ठरलेला वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, आजच्या खेळाडूंना देशापेक्षा स्वतःची जागतिक क्रमवारी प्यारी झाली आहे. दुसरा पक्ष म्हणतो, बॅडमिंटन हा मुळात एकट्यादुकट्याचा खेळ, तेव्हा सांघिक चषकाचे एवढे मनाला लावून घ्यायचे कशाला? २०२४ मध्ये उबर चषकासाठी पी. व्ही. सिंधूशिवाय संघ चेंगडूला गेला तेव्हा हा वाद झाला. त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमधून बॅडमिंटनचे एकही पदक आले नाही आणि प्रकाश पदुकोण यांनी आता खेळाडूंनीही जबाबदारी घ्यावी असे सुनावले, तेव्हा तो टिपेला पोहोचला. २०२५ मध्ये शियामेनच्या सुदिरमन चषकात सात्विकसाईराज रंकीरेड्डी-चिराग शेट्टी आणि त्रिसा जॉली-गायत्री गोपीचंद या आपल्या दोन्ही आघाडीच्या जोड्या नसताना संघ गटातच गारद झाला, तेव्हा तो पुन्हा उकरून काढण्यात आला. प्रत्येक वेळी चर्चा फिरते ती चार-पाच नावांभोवती. कोण गेले, कोण गेले नाही, कोणाचे वय झाले, कोणाचे लक्ष उडाले.

या वादात दोन्ही पक्ष साप सोडून भुई धोपटत आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. राष्ट्रीय संघाची ताकद त्याच्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूवरून मोजायचीच नसते. ती तिसऱ्या एकेरीवरून आणि दुसऱ्या दुहेरीवरून मोजायची असते. आपल्या संघाचे गेल्या दहा-बारा वर्षांतले जवळजवळ सगळे मोठे विजय आणि जिव्हारी लागलेले पराभव याच दोन जागांवर ठरले आहेत. तरीही या जागांवर कोण उभे राहणार, त्यांना कोण घडवणार आणि त्यासाठी पैसा कोठून येणार, याबद्दल आपण संघ जाहीर होईपर्यंत अवाक्षर काढत नाही.

ज्यांनी या स्पर्धा बारकाईने पाहिलेल्या नाहीत त्यांच्यासाठी रचना थोडक्यात सांगतो. पुरुषांचा थॉमस चषक आणि महिलांचा उबर चषक यांत प्रत्येक लढतीत पाच सामने असतात, तीन एकेरीचे आणि दोन दुहेरीचे. एकेरीचे खेळाडू जागतिक क्रमवारीच्या क्रमानेच उतरवावे लागतात, म्हणजे आपला हुकमी एक्का राखून ठेवून समोरच्याच्या दुबळ्या खेळाडूवर सोडण्याची सोय नसते. सुदिरमन चषकात पुरुष एकेरी, महिला एकेरी, पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी असा प्रत्येकी एक सामना असतो. तीन सामने जिंकणारा संघ लढत जिंकतो. थॉमस चषकाच्या लढतीत १९८४ च्या आधी तर नऊ सामने असत, पाच एकेरीचे आणि चार दुहेरीचे. नऊवरून पाचवर आल्यामुळे एक-दोन चमकदार खेळाडू असलेल्या देशांना थोडी आशा निर्माण झाली हे खरे, पण थोडीच. एका अजिंक्य खेळाडूच्या हातात अजूनही पाचांपैकी एकच सामना असतो, आणि त्याने दुहेरीतही उतरायचे ठरवले तर फार तर दोन.

आता २०२२ चा थॉमस चषक आठवा. बँकॉकमधले ते यश आपण ताऱ्यांचा विजय म्हणून साजरे केले. अंतिम लढतीत चौदा वेळच्या विजेत्या इंडोनेशियाला ३-० असे हरवले, लक्ष्य सेनने पहिला गेम ८-२१ असा गमावूनही अँथनी गिंटिंगला नमवले, सात्विक-चिरागने मोहम्मद अहसान आणि केविन संजया यांना १८-२१, २३-२१, २१-१९ असे परतवले, आणि किदांबी श्रीकांतने जोनाथन क्रिस्टीला हरवून चषकावर नाव कोरले. ते चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही हे खरेच. पण भारत त्या अंतिम लढतीपर्यंत पोहोचला कसा? उपांत्यपूर्व लढतीत मलेशियाविरुद्ध पहिली एकेरी आपण हरलो होतो, लक्ष्य ली झी जियाकडून. उपांत्य लढतीत डेन्मार्कविरुद्धही पहिली एकेरी हरलो होतो, लक्ष्य व्हिक्टर ॲक्सेलसनकडून. दोन्ही लढतींत दुसरी दुहेरीही गेली होती. दोन्ही वेळा २-२ अशी बरोबरी होऊन सगळा भार पाचव्या सामन्यावर, म्हणजे तिसऱ्या एकेरीवर आला, आणि दोन्ही वेळा एच. एस. प्रणॉयने तो पेलला. डेन्मार्कच्या रासमुस गेम्केविरुद्ध तर घोटा दुखावलेला असताना पहिला गेम १३-२१ असा घालवून त्याने पुढचे दोन २१-९, २१-१२ असे घेतले. पहिल्या क्रमांकाचा खेळाडू उपांत्यपूर्व आणि उपांत्य अशा दोन्ही लढतींत हरला आणि तरी संघ जगज्जेता झाला, ही गोष्ट आपल्या जल्लोषात कोठे तरी हरवून गेली. प्रणॉयसारखा खेळाडू तिसऱ्या जागेवर असणे ही त्या संघाची खरी श्रीमंती होती.

ती श्रीमंती नसेल तर काय होते, हे दीड वर्षातच दिसले. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत पुरुष संघाची अंतिम लढत यजमान चीनशी होती. लक्ष्यने शी युचीला हरवले, सात्विक-चिरागने लियांग वेइकेंग आणि वांग चांग यांना हरवले, भारत २-० असा पुढे. सुवर्णपदक एका सामन्यावर आले होते. पण पाठदुखीमुळे प्रणॉय कोर्टवर नव्हता. श्रीकांत हरला, दुसरी दुहेरी गेली, आणि पाचव्या सामन्यात मिथुन मंजुनाथसमोर चीनने जो खेळाडू उभा केला तो वेंग होंगयांग होता. त्याच वर्षीच्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात प्रणॉयला हरवून विजेता झालेला हा खेळाडू चीनसाठी शेवटच्या जागेवर खेळत होता. लढत २-३ अशी गेली. मिथुनला किंवा त्याच्या आधी हरलेल्या ध्रुव कपिला-साई प्रतीक जोडीला दोष देण्यात काही अर्थ आहे का? त्या जागेवर त्या दिवशी चीनकडे विजेता होता आणि आपल्याकडे आयत्या वेळी आलेली निकड होती, एवढेच.

हे काही पहिल्यांदा घडले नव्हते. मे २०१४ मध्ये दिल्लीच्या सिरी फोर्ट संकुलात उबर चषकाची उपांत्य लढत भारत आणि जपान यांच्यात झाली. फुलराणी सायना नेहवाल जिंकली, सिंधू जिंकली, भारत २-० असा पुढे. मग ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा हरल्या, तिसरी एकेरी हरली आणि २-२ अशा बरोबरीवर निर्णायक दुहेरीसाठी भारताने कोणाला उतरवले? सायना आणि सिंधूला. दोघी एकेरीच्या. समोर मियुकी माएदा आणि रेइका काकीइवा. यांतल्या काकीइवाने दोनच वर्षांपूर्वी लंडन ऑलिंपिकमध्ये महिला दुहेरीचे रौप्यपदक जिंकले होते. आपल्या दोघी सरळ गेममध्ये हरल्या आणि आपण कांस्यपदकावर समाधान मानले.

त्या सामन्यात नेमके काय कमी पडले हे समजून घ्यायला हवे, कारण ‘दोघी इतक्या मोठ्या खेळाडू, मग दुहेरी का जमू नये’ असा प्रश्न आजही विचारला जातो. एकेरीचे कोर्ट ५.१८ मीटर रुंद आणि लांबलचक असते. तेथे अडचणीत सापडलेला खेळाडू शटल उंच मागे टाकतो आणि सावरायला वेळ मिळवतो. दुहेरीत ६.१० मीटरच्या कोर्टवर तेच शटल उंच उचलणे म्हणजे समोरच्या जोडीच्या हातात स्मॅश ठेवणे. दुहेरीत सर्व्हिस नेटला घासून जावी लागते, कारण सर्व्हिसची मागची रेषा एकेरीपेक्षा अलीकडे असते आणि परतवणारी खेळाडू पुढे झुकून टपलेली असते. पहिले तीन-चार फटके बघता बघता होऊन जातात. दोघींच्या मधून येणारे शटल कोणी घ्यायचे, एकीने मागून स्मॅश मारला की दुसरीने नेटवर कोठे सरकायचे, बचावातून आक्रमणात येताना जागा कशा बदलायच्या, हे विचार करून होत नाही; वर्षानुवर्षे एकमेकींच्या शेजारी खेळून ते अंगात भिनावे लागते. जगातल्या दोन उत्तम एकेरी खेळाडूंना आयत्या वेळी एकत्र उभे केले तर जगातली उत्तम जोडी तयार होत नाही. जपानला हे ठाऊक होते आणि त्यांच्याकडे दुसरी जोडीही तितकीच खरी जोडी होती.

यावर कोणी म्हणेल, दहा वर्षांपूर्वीची गोष्ट झाली. मग फेब्रुवारी २०२४ पाहा. मलेशियातल्या शाह आलम येथे आशियाई सांघिक स्पर्धेची उपांत्य लढत, समोर पुन्हा जपान, आणि दुसऱ्या दुहेरीत भारतासाठी उभ्या होत्या सिंधू आणि अश्विनी. अश्विनीची जोडीदार तनिषा क्रास्टो दुखापतीमुळे नसल्याने हा जुळवलेला संसार होता. निकाल पुन्हा तोच, सरळ गेममध्ये हार. एका दशकात सिंधूने ऑलिंपिकची दोन पदके आणि जगज्जेतेपद मिळवले, पण संघाच्या दुसऱ्या दुहेरीच्या जागेवर आपण जेथे होतो तेथेच होतो. या वेळी फरक पडला तो पाचव्या सामन्यात. जागतिक क्रमवारीत ४७२ व्या स्थानावर असलेली सतरा वर्षांची अनमोल खरब तिसऱ्या एकेरीत उतरली आणि तिने नात्सुकी निदाइराला हरवले. गटात चीनविरुद्धचा निर्णायक सामनाही तिनेच जिंकला होता आणि अंतिम लढतीत थायलंडविरुद्ध २-२ असताना पोर्नपिचा चोएकीवाँगला २१-१४, २१-९ असे नमवून तिनेच भारतीय महिलांना पहिले आशियाई सांघिक विजेतेपद मिळवून दिले. चीनने त्या स्पर्धेत आपला सर्वोत्तम संघ पाठवला नव्हता, थायलंडकडेही रत्चानोक इंतानोन नव्हती, हे मान्य करायला हवे. पण मुद्दा तोच राहतो. ते विजेतेपद निर्णायक क्षणी जिच्या हाती होते तिचे नाव त्याआधी किती जणांनी ऐकले होते?

विरुद्ध पक्षाचे सर्वांत भक्कम म्हणणे असे आहे की बॅडमिंटनमध्ये खेळाडूचे आयुष्य वैयक्तिक यशावर चालते. क्रमवारी वैयक्तिक, प्रायोजक वैयक्तिक, आणि ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनची सांघिक स्पर्धाच नाही. ऑलिंपिकच्या वर्षात, पस्तिशीकडे झुकलेल्या किंवा दुखापतीतून उठलेल्या खेळाडूने आठवडाभराच्या सांघिक स्पर्धेत शरीर झिजवायचे की नाही, हे बाहेरून सांगणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे आहे. हे मला पूर्ण मान्य आहे. सिंधूने २०२४ मध्ये उबर चषक न खेळण्याचा निर्णय घेतला, त्यात देशद्रोह शोधणाऱ्यांची मला कीव येते. खेळाडूंवर सक्ती करावी, गैरहजर राहिल्यास निधी तोडावा अशा सूचना तर मला घातकच वाटतात, कारण अर्ध्या मनाने आणि अर्ध्या बऱ्या झालेल्या खांद्याने उतरलेला खेळाडू स्वतःचेही नुकसान करतो आणि संघाचेही.

पण या मान्यतेतूनच उलटा निष्कर्ष निघतो. मोठे खेळाडू कधी तरी नसणारच, हे एकदा स्वीकारले की संघाची बांधणी ते नसतील असे धरूनच करावी लागते. शियामेनला दोन जोड्या आजारपण आणि दुखापत यांमुळे आल्या नाहीत. सुदिरमन चषकात दोन जोड्या म्हणजे पाचपैकी दोन सामने, आणि तेथे आपली लढत सुरू होण्याआधीच निम्मी हरल्यासारखी झाली. डेन्मार्क आणि इंडोनेशिया यांच्याविरुद्धचे पराभव त्यानंतर अपेक्षितच होते. यात गैरहजर असलेल्या चौघांचा दोष किती आणि त्यांच्या मागे कोणीच तयार नसण्याचा किती? आपण पहिल्या प्रश्नावर रान उठवले आणि दुसरा विचारलाच नाही.

वैयक्तिक खेळ हे कारण जगात इतरत्र टिकते का, तेही पाहू. मलेशियाच्या ली चाँग वेईइतका सातत्याने जागतिक क्रमवारीच्या शिखरावर राहिलेला खेळाडू विरळाच. तीन ऑलिंपिक रौप्यपदके त्याच्या नावावर आहेत, पण थॉमस चषक नाही. २०१४ च्या दिल्लीतल्या अंतिम लढतीत त्याने आपला सामना जिंकला आणि मलेशिया २-३ असा हरला. निर्णायक सामन्यात जपानच्या ताकुमा उएदाने लियू डॅरेनला हरवले. कॅरोलिना मरीन ऑलिंपिक विजेती आणि तीन वेळा जगज्जेती झाली, स्पेनला उबर चषकाचे पदक मात्र मिळाले नाही. उलट डेन्मार्क पाहा, लोकसंख्या जेमतेम साठ लाख. थॉमस चषकाच्या अंतिम लढतीत हा देश आठ वेळा हरला होता. २०१६ मध्ये कुन्शानला नवव्या वेळी तो जिंकला आणि हा चषक जिंकणारा आशियाबाहेरचा पहिला देश ठरला. ॲक्सेलसन त्या संघात होताच, पण इंडोनेशियाविरुद्ध २-२ असताना शेवटचा सामना जिंकला तो हान्स-क्रिस्टियन व्हिटिंगसने. तिसरी एकेरी. आपल्याकडे त्याचे नाव किती जणांना आठवते?

जपानचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. २००४ मध्ये त्यांनी कोरियाचे दुहेरीतले दिग्गज पार्क जू-बोंग यांच्या हाती राष्ट्रीय संघ सोपवला आणि दीर्घकाळ सोपवून ठेवला, दर दोन वर्षांनी निकाल पाहून बदलला नाही. आधी २०१२ चे महिला दुहेरीचे रौप्य आले, मग २०१४ चा थॉमस चषक, मग २०१६ मध्ये मिसाकी मात्सुतोमो आणि अयाका ताकाहाशी यांचे ऑलिंपिक सुवर्ण, मग २०१८ चा उबर चषक. इंडोनेशियात राष्ट्रीय खेळाडू जकार्ताच्या चिपायुंग केंद्रात एकत्र राहतात आणि पुरुष एकेरी, महिला एकेरी, तिन्ही प्रकारची दुहेरी यांचे स्वतंत्र विभाग आणि स्वतंत्र प्रशिक्षक असतात. दुहेरी म्हणजे एकेरीत मागे पडलेल्यांचा आसरा, ही आपल्याकडची जुनी समजूत तेथे कोणी बोलूनही दाखवणार नाही.

आपल्या खेळातच नाही, बुद्धिबळातही हाच धडा आहे. विश्वनाथन आनंद जगज्जेता होता त्या सगळ्या वर्षांत भारताने बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या खुल्या गटात एकदाही सुवर्ण जिंकले नाही. खुल्या गटातले पहिले पदक, कांस्य, २०१४ मध्ये ट्रॉम्सोला आले आणि त्या संघात आनंद नव्हता. २०२४ मध्ये बुडापेस्टला दोन्ही सुवर्णे आली तेव्हा गुकेश पहिल्या पटावर जबरदस्त खेळला हे खरे, पण तिसऱ्या पटावर अर्जुन एरिगैसीने अकरा डावांत दहा गुण मिळवले आणि महिलांच्या तिसऱ्या पटावर नागपूरच्या दिव्या देशमुखने वैयक्तिक सुवर्ण घेतले. जगातल्या कोणत्याही संघाला आपल्या तिसऱ्या पटाची भीती वाटावी, अशी अवस्था आनंद एकटा असताना कधीच नव्हती. एका माणसाने वाट दाखवली, पण संघ उभा राहायला एक पिढी जावी लागली.

दुसरा आक्षेप पैशाचा. साधने मर्यादित आहेत, म्हणून ती पदकाची शक्यता असलेल्या मोजक्या खेळाडूंवरच खर्च करावीत, हा विचार वरकरणी शहाणपणाचा आहे आणि ऑलिंपिक पदकाच्या दावेदारांसाठीच्या सरकारी ‘टॉप्स’ योजनेने काही खेळाडूंना परदेशी प्रशिक्षक, फिजिओ, प्रवास यांसाठी जे बळ दिले त्याचे मोल नाकारता येणार नाही. हैदराबादला पुल्लेला गोपीचंद यांची अकादमी आणि बंगळुरूला पदुकोण यांची अकादमी नसती तर आजचे अर्धे खेळाडू नसते, हेही उघड आहे. मात्र या व्यवस्थेचा कल स्वाभाविकपणे वर पोहोचलेल्या एकेका खेळाडूकडे झुकतो. दुसरी दुहेरी ही कोणाच्याच हिशेबात बसत नाही. क्रमवारीत चाळिसाव्या जागेवरच्या जोडीला ऑलिंपिक पदकाची आशा म्हणून निधी मिळत नाही, निधी नाही म्हणून मोठ्या स्पर्धा मिळत नाहीत, आणि मोठ्या स्पर्धा नाहीत म्हणून क्रमवारी चाळिसावर राहते. मग जोडी मोडते, नवा जोडीदार, पुन्हा शून्यापासून सुरुवात. आडात नाही ते थॉमस चषकाच्या पोहऱ्यात कोठून येणार?

आणि हे निव्वळ दुर्लक्षाने घडले असते तर एक वेळ समजले असते. २०१३ मध्ये व्यावसायिक लीग सुरू झाली तेव्हा महिला दुहेरीचा प्रकार पहिल्या मोसमाआधीच वगळण्यात आला. ज्वाला आणि अश्विनी यांनी दोन वर्षांपूर्वी, २०११ मध्ये, लंडनच्या जागतिक स्पर्धेत महिला दुहेरीचे कांस्य जिंकले होते. लिलावात त्यांची मूळ किंमत निम्म्यावर आणली गेली. तेव्हा त्या दोघींनी केलेली तक्रार अनेकांना मानापमानाचे नाटक वाटली. पुढच्याच वर्षी सिरी फोर्टवर सायना आणि सिंधूला दुहेरीत उभे राहावे लागले, तेव्हा या दोन गोष्टी कोणी जोडून पाहिल्या का? लीग पुढे नाव बदलून २०२० पर्यंत चालली. तिचा ‘ट्रम्प’ सामन्याचा नियम, म्हणजे संघाने निवडलेल्या एका सामन्यासाठी जिंकल्यास जादा गुण आणि हरल्यास वजा गुण, प्रेक्षकांना आवडायचा. सांघिक खेळातही एकाच्याच खांद्यावर भार टाकण्याची आपली हौस त्या नियमात पुरेपूर उतरली होती.

याउलट जेथे ठरवून काम झाले तेथे फळ मिळाले. सात्विक आणि चिराग हे दोघेही मागच्या कोर्टवरून स्मॅश मारणारे, त्यांना एकत्र आणण्याचा निर्णय मलेशियाचे प्रशिक्षक टॅन किम हर यांचा, आणि तो सुरुवातीला खुद्द त्या दोघांनाही पटला नव्हता. पुढे डेन्मार्कचे दुहेरीतले माजी खेळाडू मथियास बो प्रशिक्षक म्हणून आले, आणि २०२३ मध्ये ही जोडी आशियाई सुवर्णासह जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर पोहोचली. दैवी देणगी होतीच, पण ती दुहेरीकडे वळवली एका दुहेरीच्या प्रशिक्षकाने. तेच टॅन किम हर २०१९ मध्ये करार संपण्याआधी निघून गेले आणि त्यांना परत आणायला आपल्याला कित्येक वर्षे लागली. त्या मधल्या काळात दुसरी सात्विक-चिराग जोडी तयार झाली नाही, याचे आश्चर्य कशाला?

तिसरा आक्षेप मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो, कारण तो खेळाडूंकडून येतो. सांघिक यशाला येथे किंमतच नसेल तर आम्ही त्यासाठी का झिजावे? जुलै २०२४ मध्ये टी-२० विश्वचषक जिंकणाऱ्या क्रिकेट संघाला महाराष्ट्र सरकारने ११ कोटी रुपये जाहीर केले, तेव्हा मुंबईच्या चिरागने थॉमस चषकही विश्वचषकाच्याच तोडीचा आहे, मग आमची दखल का नाही, असा प्रश्न जाहीरपणे विचारला. २०२२ मध्ये बॅडमिंटन संघटनेने आणि केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने प्रत्येकी एक कोटी जाहीर केले होते, पण त्याच्या स्वतःच्या राज्याने? ज्या राज्याने सांगलीचे नंदू नाटेकर दिले, ज्यांनी १९५६ मध्ये क्वालालंपूरला जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय होण्याचा मान मिळवला, त्या राज्याला हा प्रश्न विचारावा लागणे शोभत नाही. चिरागचे म्हणणे योग्यच होते. मी त्यात एवढीच भर घालीन की तोच न्याय संघातल्या दहाव्या खेळाडूलाही लावला पाहिजे. बँकॉकच्या संघात कृष्णप्रसाद गरगा आणि विष्णुवर्धन गौड ही जोडीही होती. बाद फेरीतले आपले दोन्ही सामने ते हरले. त्या दोघांना पुढच्या दीड वर्षात जगातल्या पहिल्या वीस जोड्यांशी नियमित खेळायची संधी मिळाली असती, तर हांगझोऊचा चौथा सामना वेगळा झाला असता की नाही हे आज सांगता येणार नाही, पण तो प्रयोग आपण करूनच पाहिला नाही.

करायचे काय, हे फार गूढ नाही. मुलांना सांघिक लढतीचे दडपण लहानपणीच कळले पाहिजे. २०२५ मध्ये गुवाहाटीला झालेल्या जागतिक ज्युनियर मिश्र सांघिक स्पर्धेत रिले पद्धतीने ४५ गुणांचे गेम खेळवले गेले. पाचही प्रकारांतले खेळाडू एकाच गुणफलकावर भर घालत जातात, त्यामुळे दुबळी जोडी लपवायला जागाच उरत नाही. तेथे भारताने कांस्यपदक जिंकले, या स्पर्धेतले आपले पहिले. म्हणजे मुलांमध्ये कुवत नाही असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. आंतरराज्य सांघिक स्पर्धेसाठी पुरुषांचा रहिमतुल्ला चषक आणि महिलांचा चढ्ढा चषक आपल्याकडे कित्येक दशकांपासून आहेत. वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेच्या एकेरीच्या अंतिम सामन्याला जेवढे महत्त्व मिळते त्याच्या पाव हिस्सा तरी या चषकांना मिळतो का? राज्य संघटनांनी आपली दुसरी जोडी कोण, हे या स्पर्धांच्या निमित्ताने वर्षभर आधी ठरवायला लागावे, आणि राष्ट्रीय संघटनेने निदान दोन पुरुष, दोन महिला आणि दोन मिश्र जोड्यांना निकाल न पाहता सलग दोन मोसम परदेशातल्या स्पर्धांचा खर्च द्यावा. चेंगडूला २०२४ मध्ये सिंधूशिवाय गेलेल्या तरुण उबर संघाने कॅनडा आणि सिंगापूरला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि तेथे जपानकडून ०-३ असा पराभव पत्करला. आपल्याकडे तो प्रसंग सिंधूच्या गैरहजेरीची बातमी म्हणून छापला गेला. खरी बातमी ही होती की इतक्या मुलींना एकाच आठवड्यात जगातल्या उत्तम संघांविरुद्ध खेळायला मिळाले.

राहता राहिला ऑलिंपिकचा मुद्दा, जो पुढे केला की वाद संपला असे समजले जाते. ऑलिंपिकमध्ये सांघिक स्पर्धा नाही, हे खरे. पण तेथे बॅडमिंटनची पाच सुवर्णपदके असतात आणि त्यांतली तीन दुहेरीची असतात. आपली आजवरची तिन्ही ऑलिंपिक पदके, सायनाचे २०१२ चे कांस्य, सिंधूचे २०१६ चे रौप्य आणि टोकियोचे कांस्य, एकाच प्रकारातली आहेत, महिला एकेरीतली. पुरुष दुहेरीत सात्विक-चिराग पॅरिसला उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाच्या आरोन चिया आणि सोह वूई यिक यांच्याकडून हरले आणि आपली दुहेरीची सगळी आशा त्या एका सामन्याबरोबर संपली, कारण पुरुष दुहेरीत त्यांच्या मागे दुसरी भारतीय जोडी नव्हतीच. सांघिक स्पर्धेत जी जागा आपल्याला रिकामी दिसते, तीच ऑलिंपिकच्या यादीतही रिकामी आहे. मग एकीवर खर्च करायचा की दुसरीवर, हा वाद आपण कोणाशी घालतो आहोत?